कायमचं अपंगत्व आलं तर: राजीनाम्यावर सही करण्याआधीची कामं

घरातला कमावता माणूस पक्षाघाताने किंवा अपघाताने अंथरुणाला खिळला, की दोन-तीन महिन्यांत कंपनीतून फोन येतो. ‘आता यांना काम जमायचं नाही. राजीनामा देऊन टाका, आम्ही हिशेब लगेच करून देतो.’ फोन करणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाकडं नसतं. दवाखान्याचं बिल समोर असताना घरच्यांनाही तो हिशेब आधारासारखा वाटतो. मग कुणीतरी चार ओळी टाइप करून आणतं, ‘वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे’, आणि थरथरत्या हाताची सही किंवा अंगठा उठतो.

या चार ओळींमुळे पीएफची अपंगत्व पेन्शन, पाच वर्षं न भरलेल्या नोकरीची ग्रॅच्युइटी, कंपनीचा गट अपघात विमा आणि ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) काही लाभ धोक्यात येतात. पैसे कुठून मिळतात हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण कुठलं काम आधी करायचं आणि कागदावर कोणते शब्द यायला हवेत, यावर त्याहून जास्त अवलंबून असतं. म्हणून हा लेख योजनांच्या यादीच्या क्रमाने न जाता कामांच्या क्रमाने जातो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एका खिडकीवर अर्ज केला आणि दरमहा पगारासारखी रक्कम सुरू झाली, अशी सोय आपल्याकडे नाही. पाच-सहा वेगवेगळ्या दारांतून थोडं थोडं गोळा करावं लागतं. त्यातलं आपल्याला कोणतं दार उघडं आहे, हे दोन प्रश्नांवर ठरतं. अपंगत्व अपघाताने आलं की आजाराने? आणि अपघात असेल, तर तो कामावर झाला की बाहेर?

टक्के एक नाहीत, तीन आहेत

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘आमच्याकडे साठ टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे, तरी पेन्शन नाकारली’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. कारण प्रत्येक कार्यालयाचं माप वेगळं आहे.

सरकारी दिव्यांग प्रमाणपत्रावरचे टक्के शरीराचं किती नुकसान झालं ते सांगतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक सरकारी योजना खुल्या होतात, ८० टक्क्यांच्या पुढे आणखी काही.

ईएसआयसीचं वैद्यकीय मंडळ जे टक्के देतं ते कमावण्याची क्षमता किती गेली याचे असतात. तुमच्या हातातलं सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र त्या मंडळाला बंधनकारक नसतं.

पीएफची पेन्शन टक्क्यांत बोलतच नाही. अपंगत्व ‘कायमचं आणि संपूर्ण’ आहे का, एवढंच तिथे विचारतात. इथे साठ टक्के दाखवून उपयोग नसतो. ‘हा माणूस आता नोकरी करू शकणार नाही’ असं वैद्यकीय मंडळाने म्हणायला हवं.

रस्ता अपघाताच्या दाव्यात न्यायालयंही हा फरक करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात तो फार सोप्या उदाहरणाने मांडला आहे. डावा हात गेला, तर वाहनचालकाचं किंवा सुताराचं उत्पन्न जवळजवळ पूर्ण बुडतं, पण कारकुनाची नोकरी तशीच चालू राहू शकते. शारीरिक टक्के दोघांचे सारखेच. त्यामुळे कुठल्याही अर्जाला जोडलेल्या पत्रात ‘आधी नेमकं कोणतं काम करत होतो आणि आता त्यातलं काय जमत नाही’ हे लिहा. ‘पायाला ५० टक्के अपंगत्व’ एवढ्यावर थांबू नका. ‘दहा तास उभं राहून प्रेस मशीन चालवत होतो, आता पंधरा मिनिटांच्या वर उभं राहता येत नाही’, असं लिहा.

पहिले काही आठवडे: फक्त कागद

या काळात कुणाला अर्ज करायची ताकद नसते, आणि तशी घाईही नाही. पण काही कागद त्याच वेळी तयार होतात, नंतर मिळत नाहीत.

अपघात असेल तर पोलिसांकडची नोंद: एफआयआर, पंचनामा, किंवा निदान स्टेशन डायरीतली नोंद. शेतात साप चावला किंवा विजेचा धक्का बसला तरी ही नोंद हवी. रुग्णालयात भरती करताना ‘कसं झालं?’ या प्रश्नाला जे उत्तर द्याल ते केसपेपरवर जातं आणि वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. मशीनमध्ये हात अडकलेला असताना ‘घरी पडलो’ असं सांगायला कुणी सुचवलं, तर ऐकू नका.

अपघात कामावर झाला असेल आणि ईएसआयसी कापली जात असेल, तर कंपनीने अपघात नोंदवहीत नोंद करून ईएसआयसीला अहवाल पाठवायचा असतो. हाच फॉर्म १२. पुढचं सगळं या एका कागदावर उभं राहतं. कंपनी टाळाटाळ करत असेल, तर शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या, सोबत दोन सहकाऱ्यांचे जबाब जोडा आणि पोच घ्या. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातसुद्धा, वेळ आणि रस्ता यांचा कामाशी संबंध दाखवता आला, तर कामावरचाच धरला जातो. हे पुष्कळांना माहीत नसतं.

डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि एक्स-रेचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणं यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, नुसते दाखवा. आणि बँकेचं खातं एकट्याच्या नावावर असेल, तर सही करता येते आहे तोवर जोडीदाराचं नाव घालून घ्या. माणूस बेशुद्ध किंवा कोमात असेल तर खात्याला हात लावण्यासाठी उच्च न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक आणावी लागू शकते. तोवर दवाखान्याचं बिल थांबत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. हात-पाय, डोळे, कान एवढ्यापुरतंच ते नाही. दीर्घ मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, ॲसिड हल्ल्याने झालेली विद्रूपता हे सगळं त्यात येतं. विदर्भात सिकल सेलची माणसं पुष्कळ आहेत, तरी प्रमाणपत्र मागायचं असतं हेच अनेकांच्या कानावर गेलेलं नसतं.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) यांसाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. स्वतःला जमत नसेल तर सेतू किंवा आपले सरकार केंद्रात भरून मिळतो. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे कागद एवढं लागतं. रुग्णालय निवडताना राहता तो जिल्हा किंवा जिथे उपचार चालू आहेत तो जिल्हा निवडता येतो. बहुतेक ठिकाणी हे काम जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या बोलीतल्या सिव्हिलमध्ये, ठरलेल्या वारी चालतं. मुंबईत जेजे, केईएम, नायर, सायन ही रुग्णालयं आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था, पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय. कोणत्या वारी कोणता विभाग बसतो ते आधी विचारून जा. हाडांचे डॉक्टर मंगळवारी आणि मेंदूचे गुरुवारी असा प्रकार असेल, तर चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला दोनदा हेलपाटा पडतो.

घाई करून लगेच जाण्यात अर्थ नाही. उपचार चालू असताना मंडळ ‘सहा महिन्यांनी या’ म्हणतं. पक्षाघातात तर तेवढा काळ जाऊ देणं हीच रीत आहे, कारण पहिल्या सहा महिन्यांत हातापायांत बरीच सुधारणा होऊ शकते. पण ऑनलाइन अर्ज आधीच टाकून ठेवायला हरकत नाही.

तपासणीच्या दिवशी लोक एक विचित्र गोष्ट करतात. डॉक्टरांसमोर ‘चालून दाखवा’ म्हटलं की माणूस जिवाच्या आकांताने चार पावलं बरी टाकतो. स्वाभिमान असतो तो. पण डॉक्टर त्या चार पावलांची नोंद करतात. घरात रोज जसं चालता तसंच चाला, काठी लागत असेल तर काठी न्या. वॉकरशिवाय संडासला जाता येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. यात खोटं काही नाही. खोटं करायला मात्र जाऊ नका, कारण गेल्या दोन वर्षांत बोगस प्रमाणपत्रांची पडताळणी राज्यभर चालू आहे आणि त्यात नोकऱ्याही गेल्या आहेत.

दोन प्रकारचं अपंगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठ्या आकड्याला ‘अ’ आणि लहानाला ‘ब’ म्हटलं, तर अ + ब × (९० − अ) ÷ ९० असं सूत्र लागतं. एका पायाचे ४० आणि हाताचे ३० टक्के असतील, तर ७० न होता ५६.६७ होतात. यात कुणी मुद्दाम कमी लिहिलं असं समजून भांडायला जाऊ नका. आकडा खरंच चुकला असं वाटत असेल तर ९० दिवसांत अपील करता येतं.

नव्या नियमांप्रमाणे मिळणारं कार्ड तीन रंगांत येतं: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० पर्यंत पिवळं, ८० आणि पुढे निळं. प्रमाणपत्र ‘तात्पुरतं’ आहे का आणि मुदत कधी संपते ते लगेच वाचून घ्या. मुदत संपली की पुढचा हप्ता थांबतो, आणि तो का थांबला ते कुणी कळवत नाही.

नावाचं स्पेलिंग तपासा. आधारवर ‘पांडुरंग’, रेशन कार्डावर ‘पाडूरंग’ आणि पासबुकात नुसता ‘पी. जी.’ असं असेल, तर सिव्हिलला जाण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. नंतर सगळीकडे एकेक दुरुस्ती करत बसावं लागतं.

ईएसआयसी असेल तर

पगारपत्रकावर ईएसआयसीची कपात दिसते का पाहा. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत, आणि दिव्यांग कामगाराला २५,००० पर्यंत, ही कपात होते. ती होत असेल तर समजा की इथेच सगळ्यात ठोस मदत आहे, आणि लोक इथेच सगळ्यात कमी जातात, कारण ‘ईएसआयसी म्हणजे गोळ्यांची रांग’ असं डोक्यात बसलेलं असतं.

आजार असेल तर आधी आजारपणाचा लाभ मिळतो: वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवस. त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. त्यापुढे ३४ दीर्घ आजारांची यादी आहे. पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग, मूत्रपिंड निकामी होणं, काही हृदयविकार, मणक्याचे विकार, मनोविकार यांचा त्यात समावेश आहे. या आजारांत ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत पैसे मिळतात. अट अशी की दोन वर्षं विम्याखाली नोकरी झालेली असावी आणि त्यात १५६ दिवसांची वर्गणी असावी.

कामावरचा अपघात असेल तर वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी चालतं. उपचार चालू असेपर्यंत वेतनाच्या ९० टक्के मिळतात. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कमावण्याची क्षमता किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभराची पेन्शन सुरू होते. समजा रोजचं वेतन ६०० रुपये. त्याचे ९० टक्के म्हणजे ५४०. मंडळाने ३० टक्के ठरवले तर रोजचे १६२, महिन्याला साधारण ४,८६० रुपये. कामगार त्याच कंपनीत पूर्वीच्याच पगारावर परत रुजू झाला तरी ही पेन्शन बंद होत नाही. ‘कामावर गेलो तर पेन्शन जाईल’ या भीतीने घरी बसलेली माणसं असतात, त्यांना हे सांगायला हवं.

मंडळाचे टक्के मान्य नसतील तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे तीन महिन्यांत जाता येतं. कामावरच्या अपघाताने नोकरी गेली असेल, तर महिन्याला १० रुपये या हिशेबाने वर्षाची वर्गणी भरून निवृत्तीच्या वयापर्यंत स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. वर्षाला १२० रुपये. याच्याइतकी स्वस्त आरोग्यसेवा दुसरीकडे मिळायची नाही.

ईएसआयसी नसलेल्या कंपनीत किंवा ठेकेदाराकडे कामावर अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. ठेकेदार पळाला तर मूळ कंपनीवर. यासाठी कामगार न्यायालय किंवा आयुक्तांकडे दोन वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. त्यामुळे फॉर्मचे क्रमांक आणि कलमं विचारताना नवी मागा, जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका.

पीएफ, ग्रॅच्युइटी आणि राजीनाम्याची भाषा

पीएफबरोबर कापल्या जाणाऱ्या पेन्शन योजनेत अपंगत्व पेन्शन आहे, हे कंपनीच्या एचआरलाही पुष्कळदा ठाऊक नसतं. नेहमीच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. कायमच्या आणि संपूर्ण अपंगत्वात ती अट नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. अपघात असो की आजार, कामावर असो की घरी, फरक पडत नाही. फक्त अपंगत्व *नोकरीत असताना* आलेलं हवं. म्हणून राजीनाम्याची तारीख आधी आणि वैद्यकीय कागदाची तारीख नंतर, असं झालं तर भांडण सुरू होतं.

रक्कम फार मोठी नसते. किमान १,००० रुपये महिना. १५,००० रुपये वेतनाच्या मर्यादेवर आठ वर्षं वर्गणी भरली असेल तर १५,००० × ८ ÷ ७०, म्हणजे साधारण १,७१४ रुपये. पण ती तहहयात आहे आणि माणूस गेल्यावर जोडीदाराला व मुलांना कुटुंबपेन्शन मिळते. अर्ज फॉर्म १०-डी वर, आणि पीएफ कार्यालय सांगेल त्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणी.

इथे एक घातक चूक नेहमी होते. पैशाची नड असते म्हणून कुणीतरी ऑनलाइन जाऊन पीएफबरोबर फॉर्म १०-सी पण भरून टाकतं. त्यातून पेन्शनच्या खात्यातली एकरकमी रक्कम हातात येते आणि पेन्शनचा हक्क संपतो. पीएफची रक्कम काढा, पण पेन्शनचा निर्णय होईपर्यंत १०-सी ला हात लावू नका.

ग्रॅच्युइटीलाही पाच वर्षांची अट अपंगत्वात लागू नाही. कायद्याच्या दृष्टीने अपंगत्व म्हणजे, अपघात किंवा आजाराआधी जे काम करू शकत होता ते आता करता न येणं. संपूर्ण अपंगत्वच हवं असं इथे नाही. पाच वर्षं पूर्ण होण्याआधी पीएफ काढला तर कर कापला जातो, पण नोकरी आजारपणामुळे गेली असेल तर तोही लागत नाही.

या तिन्ही ठिकाणी कारण काय लिहिलं आहे ते पाहिलं जातं. म्हणून पत्र साधारण असं असावं:

‘दिनांक … रोजी मला … झाल्यापासून मी … या पदावरचं काम करू शकत नाही. सोबत … रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचं दिनांक … चं प्रमाणपत्र जोडलं आहे. कायमच्या शारीरिक अक्षमतेमुळे माझी सेवा समाप्त करून ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, अपंगत्व पेन्शन आणि गट विम्याचे लाभ द्यावेत, ही विनंती.’

‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द कुठेही नकोत. पत्र दिल्यावर कंपनी पीएफच्या पोर्टलवर नोकरी सुटल्याचं कारण भरते. तिथे कायमच्या अपंगत्वाचा वेगळा पर्याय असतो. घाईत ‘सेवा समाप्ती’ हा सर्वसाधारण पर्याय निवडला जातो आणि पुढे पेन्शन अडकते. पत्र देतानाच एचआरला हे सांगून ठेवा, आठवड्याने पोर्टलवर स्वतः बघा.

पत्र देण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा: ‘कंपनीचा गट अपघात विमा किंवा गट मुदत विमा आहे का? त्याची प्रत द्या.’ हे विमे बहुतेक वेळा नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंतच चालतात.

सरकारी नोकरी

इथे राजीनाम्याचा प्रश्न उद्भवू नये. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २०(४) प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही, खालच्या पदावरही आणायचं नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे त्याच्यासाठी जादा निर्माण केलेल्या पदावर, ठेवायचं. एसटी, महापालिका, जिल्हा परिषद, सार्वजनिक उपक्रम सगळे यात येतात. ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या’ असा सल्ला साहेबांनी दिला तर या कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

खरंच काम शक्य नसेल तर रुग्णता निवृत्तिवेतन आहे. २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांनाही ते २०२३ पासून खुलं झालं आहे.

विम्याची दारं

अपघात विमा आजाराला पैसे देत नाही. पक्षाघात झालेल्या माणसाच्या घरचे अपघाताच्या पॉलिसीवर महिनोन्महिने आशा लावून बसतात, ते टाळा. अपघात असेल तर मात्र हे सगळं तपासा:

- पासबुकात मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपयांची कपात शोधा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेची असते. १८ ते ७० वयाला, दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा पाय, अथवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेल्यास २ लाख. एक डोळा किंवा एक हात वा पाय गेल्यास १ लाख. दावा त्याच बँकेत, शक्यतो ३० दिवसांत.
- सातबाऱ्यावर नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. १० ते ७५ वयाचा खातेदार आणि कुटुंबातली आणखी एक व्यक्ती. दोन अवयव गेल्यास २ लाख, एक गेल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांच्या आत.
- एलआयसीच्या पॉलिसीला अपघात व अपंगत्वाचा रायडर (पॉलिसीला जोडलेला जादा विमा) असेल तर ती रक्कम दहा वर्षांत मासिक हप्त्यांनी मिळते आणि पुढचे प्रीमियम माफ होतात. लोक मात्र प्रीमियम भरतच राहतात.
- गृहकर्जाबरोबर बँकेने विमा गळ्यात मारला असेल, तर त्यात कायमचं अपंगत्व धरलं आहे का ते वाचा.
- वाहन अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. १ एप्रिल २०२२ पासूनच्या तरतुदीप्रमाणे सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका. वकील टक्केवारीवर ठरवण्याआधी दोघांकडे तरी चौकशी करा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना

वरचं काहीच लागू नसेल, किंवा त्यातून मिळणारं अगदीच तुटपुंजं असेल, तर हे दार. १९८० पासूनची राज्याची योजना. ४० टक्के दिव्यांगत्व, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य आणि दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान सप्टेंबर २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने १,५०० वरून २,५०० रुपये महिना झालं. वयाच्या ६५ नंतर श्रावणबाळ योजनेत जावं लागतं.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूतून. यूडीआयडी कार्ड, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, पासबुक आणि फोटो. खरा अडथळा उत्पन्नाच्या दाखल्याचा. ५०,००० म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्याही खाली, आणि घरात एक मुलगा मजुरीला जात असला तरी ती ओलांडली जाते. ही मर्यादा आजच्या महागाईत हास्यास्पद आहे असं माझं मत आहे, पण आहे ती आहे. विभक्त रेशन कार्ड असेल तर उत्पन्न त्या कार्डापुरतं पाहिलं जातं, त्यामुळे कार्डाची परिस्थिती खरी आणि अद्ययावत ठेवा. तलाठ्यांची चौकशी होते, मग अर्ज तालुका समितीपुढे जातो. समितीची बैठक कधी आहे ते शाखेतल्या कारकुनाला विचारून त्याच्या आधी त्रुटी दुरुस्त करा. बैठक हुकली की प्रकरण पुढच्या बैठकीवर जातं.

पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत विचारताना ‘आधार लिंक आहे का’ असं विचारू नका, ‘सरकारी अनुदानासाठी आधार याच खात्याला जोडलेलं आहे का’ असं विचारा. दोन खाती असतील तर पैसे भलत्याच खात्यात जमा होतात. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला.

यासोबत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या पाच टक्के दिव्यांग निधीची चौकशी करा. स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मागणारा कुणी नसला की तो निधी तसाच पडून राहतो.

नाकारलं तर

तोंडी नकार घेऊ नका. ‘कोणत्या नियमाने अपात्र ते लेखी द्या’ एवढं म्हटलं की निम्मी प्रकरणं पुन्हा उघडतात. विमा कंपनीने नाकारलं, किंवा तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जा. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. पीएफसाठी ऑनलाइन तक्रार आणि दर महिन्याची ‘निधी आपके निकट’ बैठक. तहसील कार्यालय गप्प बसलं तर माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर रोजच्या रोज काय कार्यवाही झाली’ हा एकच प्रश्न विचारा. सरकारी नोकरीतला अन्याय किंवा प्रमाणपत्राचा गोंधळ असेल तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार करता येते. मराठीत लिहिलेली चालते, आणि पोस्टाने पाठवायची असेल तर रजिस्टर किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती त्याच फायलीत लावा.